शेजारी कुणीतरी बसवायचं

नऊ हजार लारी, रबर लावून, डाव्या बुटात.
त्यातले दोन शिलाई मशीन विकून आलेले,
उरलेले तीन वर्षांच्या पियानोंचे:
काखेतीच्या शाळांतले, ओल धरलेले,
उंदरांनी आतला नमदा कुरतडलेले पियानो.
ते सुरात लावायला मी बसने जाते,
परतीची बस चुकली की
मुख्याध्यापिकेच्या सोफ्यावर पाय मुडपून झोपते.

रुस्तावीच्या बाजारात नजर पोचेल तिथवर टपंच टपं.
अमेरिकेत कुठेतरी आपटलेल्या, जहाजात निजून आलेल्या,
इथे ठोकून-रंगवून पुन्हा नवरीसारख्या नटलेल्या गाड्या.
बाबा माझ्या मागे, चार पावलं सोडून.
तीस वर्षं द्राक्षांचा ट्रक हाकला त्यांनी;
हात थरथरू लागले तेव्हा किल्ली आपणहून खिळ्याला लावली.
मी नवरा सोडून घरी आले तेव्हापासून
मीठ, दार, दिवा,
एवढंच बोलणं आमच्यात.

पहिली चंदेरी. विकणारा म्हणाला, पाद्रीबाबांची,
चर्च ते घर, घर ते चर्च.
बाबांनी रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं,
दारावर टेकवलं. पडलं.
रंगाखाली बोटभर पुट्टी.
दुसरीच्या बॉनेटवर त्यांनी तळहात ठेवला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"कोमट," म्हणाले, आणि पुढे निघाले.
थंडीत उठताना खोकत असणार ती,
म्हणून आम्ही यायच्या आधीच उठवून ठेवलेली.
तिसरी मला आवडली. निळी. आरशाला अत्तराची कुपी.
बाबांनी सीटबेल्ट ओढला, ओढतच राहिले,
शेवटची वीत बाहेर आली ती चिखलाच्या रंगाची.
कुठल्या गावचा पूर होता कोण जाणे.

दुपार कलल्यावर, जुंबर नावाच्या माणसाकडे, होंडा फिट.
जपानी, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून स्वस्त.
आमच्याकडे वाहनं चालतात रस्त्याच्या उजव्या अंगाने.
"पुढच्याला ओलांडताना समोरचं दिसायचं कसं?" मी विचारलं.
जुंबरने सूर्यफुलाचं टरफल थुंकलं.
"शेजारी कुणीतरी बसवायचं."

बॉनेट थंडगार. किल्ली फिरवली,
तर डॅशबोर्डमधून एक बाई बोलली, जपानीत, फार अदबीने.
काहीतरी मागत होती. कार्ड? पत्ता? क्षमा?
बाबा म्हणाले, "नमस्कार ताई, लांबून आलात, दमला असाल."
एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून
दोन वर्षांत ऐकलं नव्हतं मी.

डोळे मिटून इंजिन ऐकलं.
चारही सिलिंडर एका तालात,
एक पट्टा तेवढा पाव सुराने चढा.
"हा बदलावा लागेल," मी म्हणाले.
जुंबरने बाबांकडे पाहिलं.
बाबांनी माझ्याकडे बोट केलं: "तिला विचार."

साडेनऊ सांगितले होते. पट्ट्याचे वजा,
हिवाळी टायर नव्हते त्याचे वजा.
मी बूट काढला तेव्हा जुंबरने नाक धरलं
आणि आणखी थोडे स्वतःच सोडले.
आठ हजार सातशे. उरलेल्यात पेट्रोल,
आणि रस्त्यात दोघांत एक गरम खाचापुरी.

गोंबोरीच्या घाटात पुढे गवताचा ट्रक.
मला दिसत होती नुसती पेंढ्यांची भिंत.
बाबा खिडकीशी झुकले.
"थांब."
वळण.
"थांब."
मग एकदम, "आता! जा, बाळ, जा, जा,"
आणि मी गेले.

त्याला सहा महिने झाले.
त्यांचे गुडघे धरतात, बहुतेकदा मी एकटीच निघते.
मग पार उतारापर्यंत कुणाच्या तरी मागे,
काचेवर काड्या झेलत. शाळेत उशीर होतो.
जपानी बाई रोज तेच मागते.
मी रोज सांगते, बसा, पोचू.