मिनिटाला वीस थेंब

लोकमान्यनगरात नर्मदा येते दिवसाआड,
पाऊण तास, तीही दम लागल्यासारखी.
लॉन मी चैत्रातच उपटलं.
कुमुदिनी चार दिवस बोलली नाही.

मग माळ्यावरून काढल्या
तिच्या आजारपणातल्या सलाइनच्या नळ्या.
धुतल्या. बाटल्या उलट्या टांगल्या
तगरीला, कढीलिंबाला.
बुंध्याशी वाळका पाला पसरला.
चाकी फिरवत, घड्याळ धरून मोजलं:
मिनिटाला वीस थेंब.
मोजायला सिस्टरनं शिकवलं होतं,
त्या रात्री.

पाइपनं रस्ता धुता धुता तिवारीजी म्हणाले,
"काय भिया, झाडं भरती केली?"

काल दुपारी ती काठी टेकत आली.
पाला सारून
माती बोटानं उकरली.
आत गार होती.
काही न बोलता
कढीलिंबाची चाकी
जराशी सैल केली.