वाजवून बघणे

पिवळ्या ट्रामनं अ‍ॅटरक्लिफला उतरले
तेव्हा मुलाखतीला पाऊण तास होता.
इतक्या लवकर पोचणारा माणूस गरजू दिसतो, असं ओयिन म्हणते,
म्हणून कालव्याच्या कडेला उभी राहिले
बदकांना स्वतःबद्दल सांगत:
मृण्मयी चौगुले. ओतकाम, सिम्युलेशन, तडे शोधणे.
बदकांनी व्हिसाचं काही विचारलं नाही.

एकशे तेरा अर्ज.
प्रत्येकात तोच एक चौकोन:
आज किंवा पुढे कधी तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल काय?
‘हो’वर खूण केली की स्क्रीनवर काहीतरी गोल गोल फिरतं
आणि रात्री दोन वाजता दिलगिरी येते, अगदी नम्र.
कुठलाही माणूस रात्री दोनला इतका नम्र नसतो.
एकदा ‘नाही’वर बोट ठेवलं होतं मी.
ठेवलं, उचललं.
हे घरी सांगितलेलं नाही.

नवशिक्यांसाठी जागा. अनुभव किमान पाच वर्षे.
म्हणजे पोहायला येईल त्यालाच विहिरीत उतरू देणार.

आम्हा दोघींत कोट एकच, निळा.
जिची मुलाखत, तिचा कोट.
ओयिन लागोसची, सबस्टेशनवर टेक्निशियन व्हायचंय तिला;
तोवर म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी.
कोट तिच्या मापाचा. बाह्या मला चार बोटं लांब.
आत दुमडून टाचणी लावली.

हिंचक्लिफ साठीचा, मधलं बोट अर्धंच.
माझा बायोडेटा त्याच्या चहाच्या मगाखाली.
बेथन नावाची बाई प्रश्नांची यादी घेऊन बसलेली:
सहकाऱ्याशी मतभेद झाले असा प्रसंग सांगा...
त्यानं तिला हातानंच थांबवलं
आणि वर्तमानपत्रावर दोन कास्टिंग ठेवली. पंपाची.
‘ह्यातलं वाईट कुठलं?’

डोळ्यांना दोन्ही सारखी.
मी हातोडी मागितली.
बेथननं लिहायचं थांबवलं.

आमचे बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत फेटलिंगला होते.
ते काहीही वाजवून बघायचे, नारळ, कपाट, नव्या घराची भिंत,
पोट दुखतं म्हटलं की माझं पोट.
दोन रुपयांचं मडकं माणूस वाजवून घेतो, म्हणायचे,
आणि इंजिन तसंच घेतो.

पहिलं वाजलं टण्ण...
त्या छपराखाली घुमत राहिलं जरा वेळ.
दुसरं, बद्द.
मी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

‘तडा आहे,’ हिंचक्लिफ म्हणाला. ‘बरोबर.
पण पहिलंही गिऱ्हाइकानं परत पाठवलंय.
भोक दोन दशांश मोठं झालंय.
ते आवाजात कळत नाही, लव्ह.
मोजायला काही द्या, असं का नाही म्हणालीस?’

कान तापले. मग माझं मलाच हसू आलं,
कारण बाबांनाही हेच म्हणायचा त्यांचा सुपरवायझर, रोज,
व्हर्नियर नाचवत.

शेवटी बेथननं तो चौकोन काढलाच.
हो, मी म्हणाले. लागेल. सत्तेचाळीस दिवस उरलेत.
हे वाक्य मी बदकांना सांगितलं नव्हतं.
‘आम्ही असं कधी केलेलं नाही,’ ती म्हणाली.
हिंचक्लिफ खिडकीतून भट्टीकडे बघत होता.
‘कधी केलेलं नाही,’ तो म्हणाला, ‘की येत नाही?’
‘बघावं लागेल,’ ती म्हणाली, आणि
यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं.
काय, ते उलटं वाचता आलं नाही.

घरी येईपर्यंत फोन गप्प.
बाहीवर ग्राफाइटचा डाग, अंगठ्याएवढा.
साबण झाला, लिंबू झालं, डाग फक्त पसरला.
उद्या ओयिनची मुलाखत, रॉदरहॅमला.
मी सॉरी म्हणायच्या आत तिनं कोट हिसकावला,
टाचण्या काढून बाही सोडली, डाग उजेडात धरला.
‘राहू दे,’ म्हणाली.
‘कुणी विचारलंच तर सांगेन,
थेट कामावरून आले.’