काटा

बुरोंडीच्या रास्त भाव दुकानात
एकतीस वर्षं मी मापाडी.
दुकान बर्फाच्या कारखान्याला लागून,
म्हणून तांदळाच्या गोणी कायम थोड्या गार.
मला माणसं नावाने उशिरा आठवतात,
आधी वजनाने.

खैरून हमदुले : सहा माणसं, तीस किलो.
गोणीची गाठ स्वतः मारणार,
माझ्या गाठीवर भरवसा नाही.
सोमी हिलम : पस्तीस.
अर्धं डोक्यावर, अर्धं "उद्या नेते" म्हणून ठेवणार,
आणि तिचा उद्या परवा उजाडणार.
द्वारका चोगले : पस्तीस.
घरात एकटी. दोन नातवंडं कार्डावर नाहीत,
ताटावर आहेत.

होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या,
दर्यावर बंदी,
मडक्यात तळाशी मूठभर सुकट,
अशा महिन्यात तालुक्याहून कागद आला.
त्यात 'सुसूत्रीकरण' असा शब्द होता.
तो मी दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा गुरुजींकडून वाचवून घेतला.
म्हणजे कमी करणे, ते म्हणाले,
पण आधी रांगेत उभं करून.

खैरूनच्या दारात इंजिन आढळलं, म्हणून नाव वगळलं.
इंजिन होडीचं. तीन वर्षं बिघडलेलं.
त्याच्या खोबणीत कोंबडी अंडी घालते.
सोमी कोळसा पाडायला घाटावर होती
अंगठे घेण्याच्या महिन्यात,
म्हणून ती गावात राहत नाही.
माझ्यासमोर पिशवी धरून उभी होती,
मशीनच्या मते नव्हती.
द्वारका कार्डावर एकटी,
म्हणून पस्तीसचे पाच.

आमच्याकडे पोराच्या घशात काटा अडकला
की आई ओरडत नाही.
कोरड्या भाताचा गोळा करते,
म्हणते, चावू नको, नुसता गीळ.
भात काट्याला घेऊन खाली जातो.
पाच किलोत असे गोळे किती होतात,
आणि महिन्यात काटे किती,
हे त्या कागदाने मला विचारलं नाही.
मी मापलं. पावती फाडली.
त्या रात्री जेवताना माझा हात
भाताच्या टोपापाशी थांबला, एवढं खरं.

शनिवारी पुरवठा निरीक्षक आले.
खुर्ची पुसून बसले, म्हणाले,
समजून घ्या, तिजोरीवर भार पडतो.

भार म्हटल्यावर द्वारका उठली.
देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या
आणि गोणींच्या काट्यावर चढली.
"बघ रे मापाड्या, किती तो भार."
एकोणचाळीस.
"लुगडं ओलं हाय, एक काढ."
अडतीस.
"आता यांचे तीस काढ."
मी बोलायच्या आत रांगेतून कुणीतरी म्हणालं, आठ.
"आठ किलोची बाय तिजोरीला जड होत नसंल
तर लिवा सायेब, पात्र."

मग सोमी चढली, कडेवर पोर घेऊन.
"आता तरी दिसतंय का मशीनला?"
मग खैरून, मग तिची जाऊ,
मग ज्यांची नावं अजून कापली नव्हती त्याही.
साहेब म्हणाले, हा काटाच चुकीचा असेल.

एकतीस वर्षांत मी साहेबाला उत्तर दिलेलं नाही.
म्हणालो, मार्चमधला शिक्का आहे वैधमापनाचा.
हवं तर तुम्ही उभे राहून बघा.

ते उभे राहिले नाहीत.

ज्या फळ्यावर मी 'उपलब्ध साठा' लिहितो
तिथे आता बायकांची वजनं आहेत,
शेजारी वजाबाकी.
सोमवारी दापोलीला टेम्पो सांगितलाय.
फळा न्यायचा आहे, आणि काटाही.
काटा उचलायला चार माणसं लागतात;
चौघी तयार आहेत.
भाड्याचं खैरून बघते म्हणाली,
इंजिनावरची अंडी विकून.