बॅरल

आज टेबलावर शेजारी-शेजारी दोन क्लॅरनेट.
एक निपाणीच्या धोंडीबा वाजंत्र्यांचं:
फ्रान्सचं, काळं लाकूड, पेटीला आतून निळं मखमल.
कॅम्पातल्या रिटायर बँडमास्तरच्या बायकोकडून
घेतलेलं, दोन गुंठे विकून.
दुसरं संकेश्वरच्या रुद्राप्पा भजंत्रीचं:
मेरठचं, एका चावीला स्प्रिंगऐवजी रबरबँड,
पेटी नाही, टॉवेलात गुंडाळून आणतो.

हाताखालचा पोरगा विचारतो, फरक काय हो मामा?

आहे की.
खालचा सूर फ्रान्सचाच भरतो.
पौषातल्या पहाटे, हळदीच्या मांडवात
बाकीची वाद्यं थंडीनं उतरतात, हे जागचं हलत नाही.
मेरठचं मधल्या पट्टीत खोकतं.
नाव अगदीच फुकट मिळत नाही कुणाला.

पण बारा वर्षांमागं धोंडीबांचं हे
पॅड बदलायला आलं होतं,
आणि मी ते शेगडीजवळ ठेवून चहाला गेलो.
मीच.
परत येतो तर बॅरलला केसाएवढी चीर, वरपासून खालपर्यंत.

रात्री मेरठचं एक बॅरल तासून बसवलं.
सकाळी शौकत पेंटरकडं नेलं.
तो तेव्हा दिवसभर बाजारातल्या पाट्या
मराठीच्या कन्नड करत होता.
त्यानं फ्रान्सचा सोनेरी शिक्का उतरवला,
एकही अक्षर न वाचता, हुबेहूब.
धोंडीबांनी वाजवून बघितलं, डोळे मिटले.
"इंपोर्टेड ते इंपोर्टेड! काय वाजालंय बघ!"
मी पॅडांचे तेवढे पैसे घेतले.

चिरलेलं टाकवेना.
रेशमी दोरा गुंडाळला, वर लाख,
पुढच्या वर्षी रुद्राप्पाच्या वाद्याला लावलं,
त्याला म्हटलं, जुनं पडलेलं होतं, घे.
हुक्केरीच्या वरातीत लोक म्हणाले,
हात बघा त्याचा, साध्या नळकांड्यातून!
हात होताच.
हाताचा किती आणि लाकडाचा किती,
तेव्हापासून ऐकतोय, हिशेब लागत नाही.

आज दोन्ही बॅरलं उतरवून तेल लावतोय.
मनात आणलं तर आत्ता जागच्या जागी परत जातील.
बाहेर बाकड्यावर रुद्राप्पा
पत्ती जिभेवर भिजवत बसलाय, घाई नाही त्याला.
धोंडीबांचा फोन दोनदा येऊन गेला.

"मग चांगलं कुठलं?" पोरगा पाठ सोडत नाही.
ग्रीसची डबी आण म्हणतो.
अंगठ्याला थोडं सोनेरी लागलंय.
पँटला पुसतो.