खरं वजन

ड्रायव्हिंग स्कूलची जुनी अडीचशे सीसी.
उजव्या अंगाला ओरखडेच ओरखडे.
शिकाऊ लोक, का कोण जाणे, उजवीकडेच पडतात.
सप्टेंबरात घेतली, एकदा ट्रॅकवर नेली,
एकदाच.
मग ओउलूवर अंधार आला,
दुपारी तीनला शटर ओढणारा आमचा अंधार.

इमारतीच्या तळघरात उभी केली,
सायकली आणि स्कींच्या मधे.
नियम असा, की तळघरात पेट्रोल नको.
म्हणून टाकी तेवढी माझ्या बाल्कनीत,
हिवाळाभर, डोक्यावर बर्फाची टोपी घालून.

आधी आरसे काढले.
ट्रॅकवर मागे बघायचं नसतं.
मागून येणाऱ्याने बघायचं
पुढच्याला सांभाळून कसं जायचं ते.
(बेकरीत असं नसतं.)
मग हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न,
मागची सीट, सीटखालचं लोखंड, साइड स्टँड.
एकेक तुकडा कामावर नेला
आणि पहाटे, राईचे पाव भट्टीत गेल्यावर,
कणकेच्या काट्यावर ठेवला.
आरसे, दोन्ही मिळून, सहाशे दहा ग्रॅम.
हॉर्न म्हणजे एक बन.
सायलेन्सरला मिर्वाने वरून पीठ भुरभुरलं,
म्हणाली, भाजायचा किती वेळ?
एकूण साडेअकरा किलो.
पिठाच्या पोत्यात भरले, वर तारीख घातली.

तेलाच्या बोल्टला भोक पाडून तार ओवायची असते.
तीन वेळा ड्रिलचं पातं मोडलं,
चौथ्यांदा मी.

एप्रिलात तौनोकडे गेले.
पूर्वी तो लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचे पाटे बसवायचा,
आता आमच्यासारख्यांच्या स्प्रिंगा.
"वजन?"
मी अभिमानाने गाडीचं सांगितलं.
"तुझं."

बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.
मी बाहत्तर म्हणाले.
तो पेन धरून थांबला.
"मापात पाप केलंस, सैमी,
तर वळणावर फेडशील."

एक्क्याण्णव.
बूट, हेल्मेट वेगळे.

नवऱ्याला, होता तेव्हा, कधी सांगितलं नव्हतं.
डॉक्टरला सांगितलं, तेही बूट काढून, श्वास सोडून.
तौनोने आकडा लिहिला,
खाली रेघ ओढली,
आणि कपाटातून एक खोका काढायला उठला.
एवढंच.

कारखान्याने ही गाडी एका सरासरी माणसासाठी बांधली.
मला तो अजून भेटलेला नाही.

जून. तेराशे मीटरचा कार्टिंग ट्रॅक,
एका अंगाला तळं, एका अंगाला बर्च,
काचेवर इतके डास की उन्हाला ठिपके पडलेले.
रात्रीचे साडेआठ, आणि सूर्य आहे तिथेच.
चौथं वळण उजवीकडे, उतारावर.
सप्टेंबरात ब्रेक दाबला की ही अशी वाके,
जणू प्रत्येक वळणाच्या पाया पडत होती.
आज तिने मान लववली फक्त,
आणि वळली.
गुडघ्याला डांबर लागलं,
करवतीसारखा आवाज,
आणि हेल्मेटच्या आत मी काहीतरी ओरडले
जे माझ्या आईला आवडलं नसतं.

सहाव्या फेरीला ओन्नी बाहेरून गेला.
सतरा वर्षांचा, काडीसारखा,
हीच गाडी, दुकानातून आली तशीच,
आरशांवर नुसती टेप.

नंतर थर्मासमधली कॉफी पीत त्याने विचारलं,
काय काय बदललंस?
मी सांगत गेले. पुष्कळ वेळ लागला.
आणि वेळेत फरक?
आठ दशांश.
सेकंद?
सेकंद.
तो विनयाने तळ्याकडे बघत राहिला.

मग म्हणाला, बसून बघू?
बसला. दोन्ही हातांनी हँडल दाबलं,
पुन्हा दाबलं, सगळा भार टाकून.
गाडी जेमतेम हलली.
"फार कडक आहे."

"तुला," मी म्हणाले,
आणि उरलेली दालचिनीची रोल एकटीने खाल्ली.