तुलनेसाठी

गोम्बदच्या पूर्वेला, जिथे डांबर संपतं
आणि वाऱ्याला अडवायला एकही झाड उरत नाही,
तिथे त्या आल्या. पांढरी गाडी, दोन मुली,
एकीच्या हातात बर्फाची पेटी.
"ओगुलबीबी इथेच राहायच्या ना?"
म्हटलं, माझी थोरली बहीण. ती तर नवरोजच्या आधीच...
"माहीत आहे," ती म्हणाली. "आम्हाला तुम्ही हव्या आहात.
त्याच गावातल्या, साधारण त्याच वयाच्या,
आणि निरोगी."

धडधाकट आहे म्हणून
आजवर कुणी मला शोधत आलं नव्हतं.

बहिणीचा घास उतरेना, हे आधी तिनेच लपवलं.
मग भाकरी रश्श्यात भिजली, मग नुसता रस्सा,
मग उंटिणीच्या आंबट दुधाचा एक चमचा,
तोही परत.
आईचंही असंच झालं होतं. तेव्हा म्हणायचे,
हिचं अन्नावरून मन उडालं.
कागदावर रकाना होता: आई, आजाराचं नाव.
आयनाने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, लिही, घास उतरत नव्हता.
रकाना अरुंद होता. तिने अक्षर बारीक केलं.

रक्त घेतलं. पायाची नखं मागितली,
कापली, पाकिटात घातली, वर नंबर टाकला.
सासूने सुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं मला.

मग म्हणाल्या, रोज करता तसा चहा करा.
आमच्यात ज्याची त्याची किटली वेगळी.
त्यांनी माझ्याच किटलीतून दोन प्याले भरले,
एकात थर्मामीटर, एक माझ्यापुढे.
"नेहमी पिता तेव्हाच प्या हं."
मी प्यायले.
"अडुसष्ट," आयना म्हणाली.
मला वाटलं वय विचारते. म्हटलं, छे, बासष्ट.
दुधाने पोळले की ताकही फुंकून पिणारे लोक असतात.
आम्ही पोळतो, आणि पुन्हा ओततो.
जिभेला चटका बसला नाही तर
चहा झाला असं वाटतच नाही.

शहरातल्या दवाखान्यात एक गोळी दिली,
दोऱ्याला बांधलेली. गिळायची.
दोऱ्याचं टोक गालावर चिकटपट्टीने.
आत गोळी विरघळते, स्पंज फुलतो,
मग तो वर ओढतात, घशाच्या भिंती पुसत पुसत.
चाळीस वर्षं मागावर बसले.
दोरा माझ्या बोटांतून निघायचा आणि
कुणाच्या तरी दिवाणखान्यात जायचा.
हा पहिला, जो माझ्यात शिरला.
तरुण डॉक्टर, बेहजाद की काय, धीर द्यायला म्हणाला,
"तुम्ही गालिच्यातली एक गाठ आहात, आजी.
हजारो गाठी जमल्या की नक्षी दिसेल."
तोंडात दोरा होता म्हणून गप्प बसले.
नाहीतर विचारणार होते,
गाठीला कधी दिसली आहे का नक्षी?

घशात काही सापडलं नाही.
घरी येताना मला बहिणीचा राग आला,
का, ते अजून सांगता येत नाही.

आता वर्षातून एकदा फोन येतो.
दर वर्षी आवाज वेगळा, प्रश्न तेच.
वजन? गिळताना त्रास? घरात कुणी वारलं?
यंदा विचारलं, "चहा थोडा निवू देता ना?"
माझ्या तळहातावर प्याला रसरसत होता.
म्हटलं, हो, निवू देते.
"छान," ती पोरगी म्हणाली, आणि ते लिहून घेतलं.

रात्रभर ते एक अक्षर टोचत राहिलं.
एक गाठ चुकली तर गालिचा फाटत नाही,
पण विणणारीला ती दिसते,
पाहुणे त्यावर बसले तरी दिसते.
आणि माझ्या नंबराच्या शेजारी, त्याच वहीत,
ओगुलबीबीचा नंबर.

सकाळी नातवाकडून फोन लावून घेतला.
"कालचं खोडा. लिहा, गरम. पूर्वीसारखाच."
"एक मिनिट हं, तुमचा नंबर शोधते..."
म्हटलं, मला पाठ आहे.
आणि तिचाही, हवा असेल तर.