खिडकी क्रमांक दोन

केप्याच्या वीज कार्यालयात खिडकी क्रमांक दोन माझी.
काचेला दोन भोकं : खालचं अर्धगोल, कागदांसाठी,
वरचं चाळणीसारखं, बोलण्यासाठी.
लोक वाकून कागदांच्या भोकात बोलत
आणि मी वरून ओरडे, मोठ्यानं सांगा.
तशी पाटीच लावली होती, लाल स्केचपेननं.

बोस्त्यांव कार्दोज पहिल्यांदा आला तेव्हा
चतुर्थी चार दिवसांवर, रांग जिन्यापर्यंत.
त्यानं सुरुवात केली फणसापासून.
फणस कुणी लावला, कुंपण कोणत्या साली पडलं.
मी म्हटलं, ग्राहक क्रमांक?
म्हणाला, दारासमोरच्या नव्या खांबावरचा दिवा...
पुढचं मला ठाऊक होतं.
एकोणीस वर्षं या खुर्चीत काढली की
सगळ्यांचंच पुढचं ठाऊक असतं.
लिहिलं : दिवा बंद.
कुष्टा गावकर शिडी घेऊन भर दुपारी गेला,
नवा बसवून आला.

पंधरा दिवसांनी पुन्हा तो. पुन्हा फणस.
या खेपेला फांदीपर्यंत पोचला,
मी फांदीवरच गाठलं :
उजेड कमी पडतो, असंच ना?
त्यानं तोंड उघडलं, मिटलं, मान हलवली.
ती होय होती की नाही
काचेतून नीट दिसलं नाही.
लिहिलं : उजेड अपुरा.
कुष्टानं दुप्पट वॅटचा बसवला.

मधे पणजीला आमचं प्रशिक्षण झालं,
जनतेशी सुसंवाद.
नजरेला नजर द्या, हसतमुख राहा,
समोरच्याचं वाक्य त्याला परत म्हणून दाखवा.
सगळं वहीत उतरवून घेतलं मी,
शेजारच्या बाईशी कुजबुजत.
प्रमाणपत्र मिळालं. चहात वेलची होती.

तिसऱ्या खेपेला काच नव्हती.
कुणाच्या तरी छत्रीनं तडा गेला,
म्हणून काढून नेलेली. नुसती चौकट.
चौकटीत बोस्त्यांव आला
आणि त्याचा आवाज मुळात इतका बारीक
हे मला तेव्हा कळलं.
शर्टाला दोन रंगांची बटणं.
मी पेन शोधत होते, सापडेना,
म्हणून गप्प होते.
एवढंच कारण. त्यात थोरपण काही नाही.

फणस आला, कुंपण आलं, फांदी आली.
फांदीवरून भाऊ ज्युआंवशी झालेलं भांडण आलं,
कोर्ट आलं,
आईच्या दफनाला दोघं दोन टोकांना उभे राहिले ते आलं.
मग तो थांबला.
मला वाटलं, संपलं.
तोंडाशी आलेला प्रश्न गिळताना
घशात खरोखर दुखलं.

संपलं नव्हतं.
ज्युआंव आता कुशावतीच्या पलीकडे राहतो.
बावीस वर्षं बोलणं नाही.
पण रात्री नऊला तो व्हरांड्यातला दिवा
दोनदा लावतो, दोनदा मालवतो.
मग हा आपला.
जेवलो. आहे. निजतो.
तेवढंच.

"दिवो पेटना न्हय?" मी विचारलं, सवयीनं.
"पेटता, बाये," तो म्हणाला. "तोच त्रास.
म्हाका पलीकडचें कांयच दिसना."

फॉर्मवर चार चौकोन :
बंद, लुकलुकतो, अपुरा, इतर.
इतरच्या पुढे रेघ दीड इंचाची.
मी कागद उलटा केला
आणि पाठीवर लिहीत गेले, फणसापासून.
दिवा काढायला वरची मंजुरी लागते;
पत्र्याचं झापड लावायला लागत नाही.
कुष्टानं ते नदीच्या बाजूनं लावलं.

नवी काच आली आहे.
पाटी कुठे ठेवली आठवत नाही.
घरी अजून मुलाचं वाक्य मीच पुरं करते,
आणि तो ते तसंच टाकून उठून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुष्टा आला,
शिडी भिंतीला टेकवत म्हणाला,
काल रात्री मुद्दाम थांबलो होतो, बाई,
नदीपलीकडे कुणाचा तरी दिवा लुकलुकतोय.
तक्रार नोंदवायची?

पेन हातात होतं.
खाली ठेवलं.
बस, म्हटलं. पहिल्यापासून सांग.